मदत हवी आहे: मन खचलेल्यांसोबत बायबलमधलं कुठलं स्तोत्र वाचावं?

कोल्हापुरात घरगुती प्रार्थनेला चार-पाच जण येतात, बरेचसे गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून पाळी संपवून. वेळ जेमतेम अर्धा तास. स्तोत्र 13 घेतलं: वचन 1-2 गाऱ्हाणं, 3-4 मागणं, 5-6 भरवसा. गाऱ्हाणं सगळे मोठ्यानं वाचतात, पाचव्या वचनाला आवाज बसतो. ‘माझा विश्वासच कच्चा’ असं मनाला लावून घेतात, पुढच्या वेळी येतच नाहीत. 42 व्या स्तोत्रालाही तेच. खचून गेलेल्या एलीया संदेष्ट्याचा भाग (बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19) मात्र भिडतो: देवदूत आधी दोनदा जेवायला उठवतो, उपदेश नाही. डॉक्टर आणि औषधं चालू आहेत, ती कुणी थांबवणार नाही. आता 88 वं घ्यावं म्हणतोय, पण ते अंधारातच संपतं. तिथंच थांबून लोकांना घरी पाठवावं का? की शेवटी काही जोडावं, आणि नेमकं काय?