विषय: घरी शिकणारी मुलगी आणि मराठी वाचन

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेत जात नाही, घरीच शिकते. इंग्रजी वाचन छान चाललंय. मराठीत अक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या सगळं येतं, पण परिच्छेद संपला की "काय वाचलंस?" या प्रश्नाला उत्तर नसतं. डिसेंबरपासून तीन महिने आम्ही पुण्यात सासरी राहणार आहोत. तेव्हा काय करावं? शिकवणी लावू का?

– अनयाची आई, कॅल्गरी

अनयाच्या आई, नमस्कार.

आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याला परतलो. कोथरूडला राहतो, दोन्ही मुलं घरीच शिकतात. तुम्ही लिहिलंय ते माझ्या थोरल्याच्या बाबतीत झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सातव्या वर्षी त्याला वाचता यायला लागलं आणि मी रात्रीचं वाचून दाखवणं बंद केलं. आता तुझं तू वाच, म्हटलं. ती माझी मोठी चूक. वर्षभरात तो पानं भराभर उलटायला लागला, पण डोक्यात काही उतरत नव्हतं. वाचनाचा अभ्यास करणाऱ्या गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र मला फार उशिरा कळलं: अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असली की दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही.

मराठीत तर हे लगेच दिसतं. 'हे जग किती मोठं आहे' आणि 'शंभर वर्षं जग' यांतले ज वेगळे, लिहायचे मात्र सारखेच. 'चाक' आणि 'चंद्र' यांतल्या 'च'चंही तेच. कोणता उच्चार करायचा हे लिपी सांगत नाही, कान सांगतो. शब्द आधी ऐकलेलाच नसेल तर मूल भलताच उच्चार करतं आणि अर्थ तिथेच निसटतो.

म्हणून शिकवणी नको. रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तिला स्वतःला झेपतं त्याहून अवघड असं काहीतरी निवडा. सासू-सासरे वाचत असतील तर उत्तमच. शब्दाशब्दाला थांबून अर्थ सांगू नका, गोष्ट मोडते. तिने विचारलं तर सांगा. घरी शिकणाऱ्या मुलांना तास संपल्याची घंटा नसते. गोष्ट रंगली तर दुपारभर चालू दे.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र सोपंच हवं. अप्पा बळवंत चौकात एक सकाळ काढा, ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची पुस्तकं बघा, तिला उघडून वाचू द्या. एका पानावर पाच-सहा शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचायचं. परतल्यावर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही पातळ्या लावलेल्या भरपूर मराठी गोष्टी आहेत.

आणि पीएमपीने फिरा! माझी धाकटी बसच्या पाट्यांवर वाचायला शिकली. 'मार्केट यार्ड'मध्ये दोन रफार, 'कात्रज'मध्ये त्र, 'स्वारगेट'मध्ये स्व. नाव आधीच कानावरून गेलेलं असतं आणि बस चुकू नये म्हणून वाचायची गरजही खरी असते.

– रमाची आई, कोथरूड

मी पुण्यात तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, म्हणून एकच भर घालते. ती वाचताना चुकली की लगेच टोकू नका. वाक्य पुरं होऊ द्या. अर्थ लागला नाही की मूल बहुतेक वेळा स्वतःच मागे जातं. ते मागे जाणं फार मोलाचं आहे. आपण मध्ये बोललो की ती सवय लागतच नाही. आणि ऱ्हस्व वेलांटीत गोंधळ झाला तर रागावू नका गं. चिन्ह आधी दिसतं, उच्चार नंतर करायचा, ते अवघडच आहे.

– काकू, सदाशिव पेठ

रमाची आई, काकू, मनापासून आभार. मीही गेल्या वर्षी वाचून दाखवणं बंद केलं होतं. तुमची पत्रं वाचून फार वाईट वाटलं. डिसेंबरपर्यंत थांबत नाही. पुण्यात सकाळचे आठ म्हणजे इथे आदल्या रात्रीचे साडेआठ. सासऱ्यांना विचारलं, ते रोज व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवणार आहेत. काय वाचू, म्हणून त्यांचे दोन फोन येऊन गेले. अनयाला सध्या कुत्र्यांशिवाय काही सुचत नाही. कुत्र्यांवरचं मराठीत काही चांगलं माहीत असेल तर दोघीही कळवा.

– अनयाची आई