पिकअपचा डिफ बेअरिंग बदलूनही गुणगुणतोय

बेअरिंग बदलूनही तुमच्या पिकअपचा डिफ (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारा गिअरचा डबा) वाजतोय असं तुम्ही विचारलंय. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट चढताना तो ओरडतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की गप्प होतो, म्हणजे माझा संशय बेअरिंगवर नाही, आतल्या गिअरचे दात एकमेकांवर कुठे टेकतात त्यावर आहे. खराब बेअरिंग सहसा लोड असो-नसो वाजतं. नव्या बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा केसभर वेगळी असू शकते, त्यामुळे जुना शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) तसाच घातला की पिनियनची, म्हणजे फिरवणाऱ्या छोट्या गिअरची, खोली बदलते.

हाउसिंग उघडून क्राउनच्या (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या) दातांना मार्किंगचा रंग लावा, क्राउनला हाताने अडवून धरत पिनियन फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम बदला. आतल्या, अरुंद टोकाकडे असेल तर क्राउन पिनियनपासून थोडा लांब सरकवा. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी जागा, डायल गेजनेच (काटेवाल्या मापयंत्रानेच) मोजा. बऱ्याच हलक्या गाड्यांत तो ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडाच धरा. हाताने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्यावर कृपया विश्वास ठेवू नका.

पिनियनवर दबणारा स्पेसर (नट आवळताना चेपणारी नळी) असेल तर तो नवाच टाका. पिनियनचा नट जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, स्पेसर पुन्हा बदलावा लागतो. आणि दात खरवडलेले दिसले तर क्राउन-पिनियन जोडीनेच घ्या.