किमो चालू असताना डोळ्यांतून सतत पाणी, कोणाला दाखवावं?

सांगलीकर_माधुरी:
आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं किमो चालू आहे. डोसिटॅक्सेल, दर आठवड्याला. केस जाणार याची मनाची तयारी होती, पण आता डोळे सारखे वाहतात. "रडत नाहीये गं" म्हणते आणि पदराने पुसत बसते. पापण्यांच्या कडा लाल, सकाळी चिपडांनी डोळे चिकटलेले. मेडिकलमधून अँटिबायोटिक ड्रॉप्स आणले, फरक शून्य. ऑन्कोकडे (कॅन्सरच्या डॉक्टरांकडे) एवढी गर्दी असते की डोळ्यांचं सांगायचं राहूनच जातं. कोणाला अनुभव आहे?

आप्पा_निवांत:
गुलाबपाणी घाला. थंडावा मिळतो.

रात्रपाळी:
आप्पा, किमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, इन्फेक्शन पटकन होतं, डोळ्यात घरगुती काही नको प्लीज.
माधुरीताई, डोसिटॅक्सेल आणि तेही दर आठवड्याला म्हणताय, तर थांबू नका. हे औषध अश्रूंतही उतरतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकात जाणारी अश्रुनलिका त्याने सुजते, हळूहळू आक्रसते, पाणी गालावर येतं. तीन आठवड्यांनी एकदा डोस असेल तर हा त्रास कमी दिसतो. माझ्या बायकोला हेच झालं. आधी जिथे दाखवलं तिथे "डोळे आलेत" म्हणून परत पाठवलं.
ऑक्युलोप्लास्टीवाला (पापण्या आणि अश्रुमार्गाचं काम करणारा) नेत्रतज्ज्ञ शोधा, मोठ्या नेत्र रुग्णालयात असतो. तो सिरिंजिंग करतो: बधिर करणारे थेंब टाकून बोथट सुईने कोपऱ्यातल्या छिद्रातून सलाईन सोडतात. घशात खारट लागलं की रस्ता मोकळा. अरुंद झाला असेल तर सिलिकॉनची बारीक नळी घालून ठेवतात, किमो संपल्यावर काढतात. पूर्ण बुजला तर मात्र डीसीआर, म्हणजे नाकात नवी वाट काढायचं ऑपरेशन. म्हणून घाई.
आणि डोस परस्पर बंद करू नका. वेळापत्रक बदलायचं का, ते ऑन्को ठरवेल. गर्दीत विसरायला होतं, तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून न्या.

डॉ_चष्मा:
बरोबर, फक्त एक भर. अश्रुनलिका मोकळी असूनही पाणी येऊ शकतं. डोळा कोरडा पडला की टोचतो आणि मग वाहतो. तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू आणि पापण्यांना कोमट शेक. पदर नको, स्वच्छ टिश्यू, दर वेळी नवा. नजर कमी होणं, खूप दुखणं, उजेड सहन न होणं किंवा लाल डोळ्यासोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

कोल्हापुरी_ठसका:
औषधाचं नाव विचारल्याशिवाय सल्ले देऊ नयेत हे खरंय. भावाला ब्लड कॅन्सरसाठी सायटाराबिनचे मोठे डोस होते, तर स्टेरॉइडचे थेंब आधीपासूनच सुरू केले होते. काकांना आतड्याच्या कॅन्सरला सेटुक्सिमॅब, त्यांच्या पापण्यांचे केस उलट लांब आणि वेडेवाकडे वाढून बुबुळाला टोचायचे. डोळ्यांचे डॉक्टर कापून द्यायचे.

सांगलीकर_माधुरी:
सगळ्यांचे आभार. उद्याच फोन करते. ती नळी बाहेरून दिसते का? आई विचारतेय.

रात्रपाळी:
अगदी जवळून पाहिलं तर कोपऱ्यात दोऱ्यासारखी दिसते, लांबून कोणाला कळत नाही. डोळा चोळू देऊ नका, नळीचा फास बाहेर सरकतो. सरकलाच तर ओढायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं.