पहाटे उठणे, अधोरेखन आणि ‘यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयी’

समासातली टीप

‘निवृत्त मास्तर’ यांनी काल येथे यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयींची यादी दिली. पहाटे चारला उठावे, प्रत्येक धडा पाच वेळा वाचावा, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित कराव्यात, जागेवरून हलू नये. आणि हे सारे करून कोणी नापास होऊन दाखवावे, असे आव्हानही त्यांनी शेवटी दिले. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझा आक्षेप असा, की या यादीतील बहुतेक सवयींनी मूल अभ्यास करताना दिसते, एवढेच. पाचव्या वाचनाला धडा ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटला म्हणजे तो आपल्याला येतो, अशी विद्यार्थ्याची अगदी प्रामाणिक समजूत होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे. आपल्या लक्षात अधिक राहील, असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता! डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यातही अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाशी होते. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती वर.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचे जीवशास्त्राचे पुस्तक तीन रंगांनी भरलेले होते. हृदयाच्या आकृतीतील नावांवर मी कागदाची पट्टी ठेवली आणि फुप्फुसांकडून आलेले रक्त कोणत्या कप्प्यात येते, असे विचारले. तिने उत्तर देण्याऐवजी पट्टी उचलायला हात पुढे केला. मास्तरांच्या यादीत या पट्टीला कुठेच जागा नाही.

निवृत्त मास्तर

महोदय, आयुष्यभर वर्गावर उभे राहून जे पाहिले ते मी लिहिले. आपण प्रयोगांचे दाखले देऊन त्याला दिखाऊ ठरवलेत. न पाहता आठवणे हा आपल्याला नवा शोध वाटत असेल, तर आम्ही ‘पुस्तक मिटा आणि म्हणून दाखवा’ असे सांगत होतो ते काय होते? तेव्हा त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवण्यात आले. तेच आता परदेशी नावांसह परत येते आणि त्यावर माना डोलावल्या जातात.

पहाटेबद्दल एवढेच सांगतो, की जो अंथरुणाचा मोह आवरू शकत नाही, तो पुढे कोणताच मोह आवरू शकत नाही.

रात्रपाळी

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी मी खास लॉगिन केले आहे. सकाळी उशिरा उठणारा तो चारित्र्याने कच्चा, हा निकाल माझ्या लहानपणी घरात रोज लागत असे. वडील मला अंधारातच उठवून टेबलाशी बसवायचे, मी वहीवर डोके टेकवून झोपायचो, आणि टेबलाशी बसलो होतो एवढ्यावर दोघांचेही समाधान व्हायचे. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते. त्या वयात रात्री लवकर झोप न येणे हा आळस नव्हे, ती वाढीच्या वयाची घडण आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१६ साली सांगितले. अकराला झोपलेल्या मुलाला चारला उठवून मास्तर नेमके काय कमावतात? दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेत होत असते, आणि आपण तीच कापतो.

निवृत्त मास्तर

मग त्याने अकराला झोपू नये, नऊला झोपावे! रात्री जागणारे सारेच अभ्यास करीत असतात, हा गोड समज आपण स्वतःपुरता ठेवावा. हातातला मोबाईल कोणत्या घडणीत बसतो, तेही एकदा सांगा.

रात्रपाळी

माझ्या विद्यार्थिदशेत मोबाईल नव्हता. प्रतिसाद न वाचताच उत्तर देण्याची सवय आपल्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे?

दोन मुलांची आई

भांडण थोडे थांबवाल का? माझी मोठी मुलगी पहाटे उठते, कारण त्या वेळी घरात कोणी तिला हाक मारत नाही. धाकटा रात्री साऱ्यांची निजानीज झाल्यावर बसतो, कारण तेव्हाही त्याला कोणी हाक मारत नाही. दोघांचे बरे चालले आहे. श्रेय घड्याळाला देण्यापेक्षा घरातल्या शांततेला द्यावे, असे मला वाटते. मात्र दोघांचीही वेळ रोज तीच असते, आणि त्यासाठी कोणाला मागे लागावे लागत नाही, एवढे मास्तरांच्या बाजूने नोंदवते.

काठावर पास

शांतता ज्यांना मिळते त्यांनी सवयींवर चर्चा करावी. आमच्या घरात एकच खोली होती. मी जिन्यात बसून वाचत असे आणि वर-खाली करणाऱ्या प्रत्येकासाठी पुस्तक मिटून उठत असे. ‘जागेवरून हलू नये’ हा सल्ला वाचून मला फार हसू आले. संयम, चिकाटी, जिद्द हे गुण मोजताना घरची परिस्थिती सोयीस्करपणे विसरली जाते. मिठाई समोर ठेवून लहान मुलांचा संयम पाहणारा मानसशास्त्रज्ञ मिशेल यांचा प्रयोग सगळे सांगतात. २०१८ साली अधिक मुलांवर तो पडताळला गेला, तेव्हा संयमाचा पुढील शैक्षणिक यशाशी असलेला संबंध आधी सांगितला गेला त्याच्या निम्माच आढळला, आणि घरची पार्श्वभूमी व मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर तो आणखी पुष्कळ घटला, हे कोणी सांगत नाही. नापास झालेल्याला ‘तुझ्या सवयी वाईट’ असे सांगणे फुकट असते, म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे.

समासातली टीप

परिस्थितीचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर जिन्यात बसलेल्या मुलाच्या हाती काय देणार? मिळालेल्या तुटपुंज्या वेळेत त्याने पाचव्यांदा वाचावे की आठवून पाहावे, हा प्रश्न त्याच्यासाठीच सर्वांत मोलाचा आहे, कारण वाया घालवायला वेळ त्याच्याकडेच सर्वांत कमी असतो.

मास्तर, म्हणून दाखवण्यात आठवण्याचा सराव होता, हे मी नाकारत नाही. मात्र धडा ठरलेल्या क्रमानेच म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘असे का?’ विचारले की त्याची गाडी अडते. प्रश्न उलटसुलट विचारले असतील तर ते उत्तमच. नसतील तर पाठांतर जिभेवरच राहिले.

दोन मुलांची आई

हे इतिहासाला ठीक आहे. गणितात काय आठवायचे? धाकटा एका रीतीची सारी उदाहरणे सोडवतो, बरोबर येतात. परीक्षेत तेच उदाहरण दिसले की कोणती रीत लावायची, तेच सुचत नाही.

समासातली टीप

कारण रीत शीर्षकातच लिहिलेली असते, ती निवडण्याचा सराव त्याला कधी मिळतच नाही. रोरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात घनफळाची उदाहरणे एकेका प्रकाराने सोडवणारे सरावात पुढे होते, तर सरमिसळ सोडवणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत खूपच पुढे. सरमिसळ केली की सरावात चुका वाढतात, मूल कंटाळते आणि पालक घाबरतात. तेवढे सोसावे लागते.

निवृत्त मास्तर

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण उदाहरणे त्यासाठीच दिलेली असतात. मुले ती सोडून देतात, ‘परीक्षेला येत नाहीत’ म्हणून शिक्षकही सोडून देतात, आणि पालकांना त्याचा पत्ता नसतो. मी ती वर्गात करून घ्यायचो, तेव्हा अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. अधोरेखन यादीतून काढतो. पहाट राहील, ‘रात्रपाळी’ यांना सूट दिली आहे, असे समजावे.

रात्रपाळी

सूट मागितली कोणी?