घरचं पॅनकेकचं पीठ : खान्देशातल्या मंडळींनो, तुमचं प्रमाण आणि अनुभव सांगा

पॅनकेकच्या तयार पिठाची पाकिटं अमेरिकेत १८८९ पासून विकली जातायत. आता ती आपल्या किराणा दुकानांतही दिसू लागलीयत. पाकीट उलटं करून वाचा : मैदा, साखर, दूध पावडर, मीठ, बेकिंग पावडर. यातलं काय आपल्या घरात नसतं? तर हे पीठ घरी कोण करतं, कशाचं करतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते कसं टिकवता, ते लिहा. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, जळगाव : चार वाट्या पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), चार मोठे चमचे पिठीसाखर, अर्धी वाटी दूध पावडर, सहा छोटे चमचे बेकिंग पावडर, एक छोटा चमचा मीठ. दोनदा चाळायचंच. बेकिंग पावडर एका जागी राहिली तर तेवढाच घास कडवट लागतो आणि पोरं पुढचा खात नाहीत. करताना वाटीभर पिठाला साधारण वाटीभर दूध, एक अंडं, चमचाभर पातळ लोणी. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या; फेटत बसलं की गव्हाचा चिकटपणा सुटतो आणि पॅनकेक चिवट होतो. दहा मिनिटं झाकून ठेवा. मंद आचेवर घाला, वरचे बुडबुडे फुटून भोकं तशीच राहायला लागली की उलटा.

भुसावळ : प्रमाण बरोबर, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कणकेचं मिश्रण तेव्हा ओट्यावर ठेवलं की खवट वास येतो, कारण कोंडा आणि अंकुरातलं तेल. मैदा त्या मानानं टिकतो. मी उन्हाळ्यात कणकेचं मिश्रण फ्रीजमध्येच ठेवते. आणि पावसाळ्यात बेकिंग पावडर तपासून घ्या : अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा टाकायची, सरसरून फेस आला तर चांगली. नुसती बसली तर फेकून द्या, त्या पावडरीचे पॅनकेक फुगत नाहीत.

धुळे : धिरडी सोडून हे कशाला?

धागाकर्ती : धिरडीही करतो हो दादा. पण सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी असते तेव्हा बरणीतलं पीठ दुधात कालवलं की झालं.

सावदा : आमच्याकडे अंडं चालत नाही आणि केळी तर दारातच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्याला घरात कोणी हात लावत नाही. तेच कुस्करून वाटीभर पिठाला अर्धं घालते. साखर निम्मी करायची. आच अजून कमी ठेवा, केळ्यातल्या साखरेनं खालची बाजू लवकर काळी पडते.

शहादा : मी दूध पावडर घालतच नाही, ताकात भिजवते. मग बेकिंग पावडर निम्मी आणि वाटीभर ताकाला पाव छोटा चमचा खायचा सोडा. ताकाच्या आंबटपणानं सोडा लगेच फसफसतो, म्हणून भिजवलं की तवा तयार हवा. इथे दहा मिनिटं थांबायचं नाही.

अमळनेर (सध्या पुणे) : दादरचं (आपली खान्देशी ज्वारी) पीठ दोन भाग, कणीक एक भाग. नुसत्या ज्वारीचा उलटताना मोडतो, धरून ठेवायला काही नसतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी टाक वं माय." तेव्हापासून आमच्या बरणीत साखर नसते, वरून गूळ-तूप. तिखट हवं असेल तर कळण्याच्या पिठात तिखट, जिरं, कांद्याची पात. ज्वारी-उडीद आधीच दळलेले असतात, वेगळं काही मिसळायला नको.

भुसावळ : कळण्याचं करून बघते. सोबत ठेचा, मध वगैरे नाही!

शिरपूर : बाजरी चालेल का?

धागाकर्ती : चालेल, पण बरणीत मिसळून ठेवू नका. बाजरीचं पीठ फार लवकर कडू होतं. ताजं दळून आणलं की त्यातलं मूठभर, भिजवतानाच घाला.