चर्चा : ताब्यात आलेल्या मुलखाचा कारभार पाहायचं शिक्षण लष्करी अधिकाऱ्यांना आधीपासून द्यावं का?

बाळीवेसकर (धागाकर्ता)

हा विषय मुद्दाम सोलापूरकरांपुढे मांडतोय. लष्करी अंमल म्हणजे काय ते या शहरानं १९३० साली अंगावर सोसलंय आणि १९४८ साली इथूनच फौज निजामाच्या मुलखात शिरली.

माझं म्हणणं असं की युद्धात मुलूख ताब्यात आला की पहिले काही आठवडे, कधी काही महिने, तिथला कारभार लष्करालाच पाहावा लागतो. आपल्याला आवडो न आवडो. मग त्याचं शिक्षण शांततेच्या काळातच द्यायला हवं. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेची फौज जर्मनीत ऱ्हाइनकाठी राहिली. तिथला नागरी कारभार सांभाळणाऱ्या कर्नल हंट यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं की या कामाची आमच्या लष्कराची काहीच तयारी नव्हती. तो धडा गिरवायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. मे १९४२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात, शार्लट्सव्हिलला, लष्करी प्रशासनाची शाळा निघाली. तेव्हा जर्मनीची वीतभर जमीनही त्यांच्या हातात नव्हती. ब्रिटिशांनी केंब्रिजला असे वर्ग त्याआधीच सुरू केले होते. पाणीपुरवठा, धान्य, चलन, साथीचे रोग, पोलीस, तिथले कायदे असे विषय तिथे होते.

आता आपल्याकडे या. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने फौज निघाली, नळदुर्गचा पूल शाबूत हाती आला आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. रझाकारांनी काय केलं होतं ते इथे कुणाला सांगायला नको, सीमेवरून पळून आलेली माणसं याच शहरात आसऱ्याला होती. पण त्यानंतर काय झालं? नेहरू सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. मेलेली बहुतेक माणसं साधी, खेड्यातली मुसलमान. जुनी सत्ता गेली होती, नवी गावापर्यंत पोचली नव्हती. त्या मधल्या दिवसांत गावात पोचलेल्या लेफ्टनंटला आपलं पहिलं काम काय, हे कुणी शिकवलं होतं का?

सुजाता, जुळे सोलापूर

दादा, उस्मानाबादचं तुम्ही उघडपणे लिहिलंत ते बरं केलंत, पण निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

१९३० चं नुसतं नाव घेऊन तुम्ही पुढे गेलात. गांधीजींना अटक झाली, ८ मेला इथे गोळीबार झाला, शहर पेटलं आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ होता. झेंडा लावणं गुन्हा ठरलं, डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवल्या गेल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली ती त्याच मे महिन्यातल्या घटनांच्या खटल्यात. ते अधिकारी अडाणी होते का? या देशावर राज्य कसं करायचं याचा शंभर वर्षांचा सराव त्यांच्या मागे होता. सोलापूरच्या माणसाला ते जाब देणं लागत नव्हते, इतकंच. शिक्षणानं कसब येतं. जबाबदेही कोणत्या वर्गात शिकवणार?

अमेरिकेतही याच मुद्द्यावर जुंपली होती. मुलकी कारभार हे मुळात मुलकी माणसांचं काम आहे, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये युद्धमंत्र्यांना कळवलं होतं. आणि एकदा यंत्रणा बसली की ती लवकर उठत नाही. जपानचं ओकिनावा बेट १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं.

माजी सैनिक, अक्कलकोट रोड

ताई, जाब देण्याचं म्हणता ते शंभर टक्के खरं. पण रात्री दोन वाजता गावात पोचलेल्या तुकडीपुढे काय असतं ते सांगतो. पोरांना जेवण पाहिजे. बकरं घ्यायचं तर रोख पैसे द्यायचे, रोख नसेल तर पावती, आणि पुढे ती रक्कम लवकरात लवकर चुकती करायची. हा १९०७ च्या हेग नियमांतला, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला, नियम आहे. आता पावतीवर मालकाचं नाव, जनावर, तारीख, तुकडी आणि सही नसेल तर तो कागद म्हणजे लूटच. असा कागद बिनचूक लिहिणारा हवालदार लागतो, आणि तो शिकवूनच तयार होतो. तिथे कलेक्टर कुठून आणणार? रस्त्यात सुरुंग आहेत अजून!

रूझवेल्ट साहेबांचं म्हणाल, तर सालभरात त्यांनाच मान्य करावं लागलं की सुरुवातीचा काळ लष्कराशिवाय निभत नाही.

वकील, सात रस्ता

दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. हैदराबाद हे कायद्याच्या भाषेत व्याप्त प्रदेश, म्हणजे फौजेनं ताब्यात घेतलेला शत्रूचा मुलूख, नव्हतं, निदान भारत सरकारनं तसं कधी मानलं नाही. जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, त्यांच्यासोबत मुंबई प्रांतातले सनदी अधिकारी डी. एस. बखले मुख्य मुलकी प्रशासक म्हणून होते, आणि निजामानं फर्मान काढून सगळे अधिकार गव्हर्नरांच्या हवाली केले. म्हणून तर ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करता आल्या. शत्रूच्या मुलखात असं करता येत नाही. हेग नियमांचं ४३ वं कलम सांगतं की अगदीच अशक्य असल्याखेरीज तिथलेच कायदे चालू ठेवा. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार म्हणतो की अन्न आणि औषध पुरवणं ही ताबा घेणाऱ्याची जबाबदारी, आणि आपली माणसं तिथे नेऊन वसवायची नाहीत. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदाही आहे. म्हणजे शिकवायचं असेल तर ‘राज्य कसं करावं’ यापेक्षा ‘कशाला हात लावू नये’ हे जास्त शिकवावं लागेल.

आणि सुजाताताई, मुलकी माणूस आला की भलं होतं हेही खरं नाही. २००३ च्या मे महिन्यात इराकचं सैन्य एका फटक्यात बरखास्त करणारे, तिथला कारभार पाहायला अमेरिकेनं नेमलेले ब्रेमर लष्करी नव्हते, मुत्सद्दी होते. लाखो हत्यारबंद माणसं बेकार होऊन रस्त्यावर आली. त्याचे भोग इराकी लोकांनी किती वर्षं भोगले!

सुजाता, जुळे सोलापूर

वकीलसाहेब, ब्रेमर पेंटॅगॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, उत्तर देत होते, बगदादला नाही. माझा मुद्दा तोच आहे.

शिकलेल्या अधिकाऱ्यांचंच उदाहरण घ्यायचं तर १९४३ च्या, इटलीतल्या सिसिली बेटाचं घ्या. तिथे दोस्त राष्ट्रांच्या याच नव्या लष्करी प्रशासनानं व्हिल्लाल्बा गावाचा महापौर कुणाला केलं? माफियाचा म्होरक्या कालोजेरो व्हित्सिनी याला. गावात वजन कुणाचं एवढंच पाहिलं गेलं, ते वजन आलं कुठून हे नाही. चार महिन्यांच्या वर्गात गाव कळत नाही. उद्या आपल्याकडेही तेच होईल. दुभाषा ज्याचा, कारभार त्याचा.

बाळीवेसकर (धागाकर्ता)

सिसिलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे लिरा चलनही छापून नेलं होतं, डॉलरला १०० असा दर ठरवून, आणि त्यानं महागाईत तेल ओतलं. पुढच्या वर्गांना शिकवायला हे सगळं हाताशी आलं ते कुणीतरी नोंदवून ठेवलं म्हणूनच.

चलनाचा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. १९४८ साली तुळजापूर-नळदुर्गच्या बाजारात निजामाचा हाली रुपया चालायचा, सोलापुरात आपला कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार. इथून गेलेल्या जवानाच्या खिशात कलदार असणार. त्यानं दुकानात एक रुपया टाकला तर मोड किती परत यायची? दर आधी ठरवून चौकात फळ्यावर लिहिला नाही तर दुकानदार तरी नागवला जातो किंवा जवान तरी, आणि संध्याकाळपर्यंत हातघाई. हा हिशेब सनदी अधिकारी येईपर्यंत थांबत नाही.

जाब देण्याबद्दल ताईंचं म्हणणं मी अभ्यासक्रमातच घालीन. पहिल्या दिवसापासून तक्रारवही, आणि ती तपासायला लष्कराबाहेरचा माणूस.

सुजाता, जुळे सोलापूर

तक्रारवहीत तक्रार लिहायला बंदुकीसमोर कोण येईल, दादा? १९३० साली इथे कोण गेलं असतं? लष्कराला हेग आणि जिनिव्हाचे नियम शिकवा, पावत्या शिकवा, माझी काहीच हरकत नाही. पण ‘प्रशासक’ म्हणून स्वतंत्र शाखा काढू नका. त्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यांतले तहसीलदार, पाणीपुरवठ्याचे अभियंते, डॉक्टर यांची राखीव यादी करा आणि त्यांनाच फौजेबरोबर चालायची तालीम द्या. हुकूम त्यांच्या सहीनं निघू देत.

माजी सैनिक, अक्कलकोट रोड

यादी जरूर करा. पण एका प्रश्नाचं उत्तर या दोन्ही बाजूंनी दिलेलं नाही.

१९७१ च्या युद्धात आपण पश्चिमेकडे पाकिस्तानच्या पंजाबातला शकरगढचा भाग आणि सिंधमधलं छाछरो, नगरपारकर घेतलं. सालभर ताबा राहिला. सिमला करार झाला आणि १९७२ संपता संपता सगळं परत केलं. थरपारकरचे हजारो हिंदू घरदार सोडून बाडमेरकडे निघून आले, कारण आपली फौज गेल्यावर तिथे राहायची त्यांना भीती होती. ज्यानं आपल्याला विहीर दाखवली, वाट दाखवली, आपल्या पावतीवर साक्षीदार म्हणून अंगठा दिला, त्याचं नाव आपल्याच कागदावर राहतं. पुढे तोच कागद कुणाच्या हाती पडेल?

म्हणून म्हणतो, सही तहसीलदाराची असो की मेजरची, गावकऱ्याचं नाव कुठे लिहायचं, कुठे नाही, आणि निघताना कोणती दप्तरं सोबत न्यायची, हे ठरलेलं पाहिजे. ‘आम्ही इथेच आहोत’ असं वचन खालच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं कुणाला द्यायचं नाही. जमीन ठेवायची की परत द्यायची हे दिल्लीत ठरतं, आणि तोवर गावातल्या माणसानं कुणाची बाजू घेतली ते सगळ्या गावाला कळलेलं असतं. वकीलसाहेब, याबद्दल जिनिव्हा करारात काही आहे का?

वकील, सात रस्ता

थोडंफार आहे. ताबेदारानं स्थानिक माणसाला आपल्या सैन्यात भरती व्हायची सक्ती करायची नाही, तिथल्या न्यायाधीश-नोकरदारांनी मनाला पटत नाही म्हणून काम करायला नकार दिला तर त्यासाठी त्यांना शिक्षा करायची नाही. ५१ आणि ५४ वं कलम पाहा. पण ज्यानं आपणहून मदत केली, त्याला ताबा उठल्यावर कोण सांभाळणार, याबद्दल त्या कलमांत काही नाही. ते तहाच्या अटींतच घालून घ्यावं लागतं.

माजी सैनिक, अक्कलकोट रोड

मग तहाच्या मेजावर तिथला कारभार पाहिलेला एक तरी माणूस बसवा. तो लष्करी असला काय आणि मुलकी असला काय, माझं त्यावर भांडण नाही.