मदत हवी आहे: बॅन्फ (स्कॉटलंड) इथे आठवडाभरासाठी कॉटेज, सोबत ज्येष्ठ मंडळी आणि तान्हं बाळ

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरला राहतो. ऑगस्टअखेरीस आई-बाबा आणि मामा साताऱ्याहून येतायत. कुठे फिरायला जायचं म्हटलं तर बाबांचं उत्तर ठरलेलं: बॅन्फ. कॅनडातलं नव्हे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डेव्हरन नदी समुद्राला मिळते तिथलं जुनं बाजाराचं गाव. कारण अर्थात ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी), मराठ्यांचा तीन खंडी इतिहास १८२६ साली छापणारा. तो १७८९ मध्ये बॅन्फलाच जन्मला. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. डफशी त्यांचं उभ्या जन्माचं भांडण आहे, त्यांच्या प्रतीत समासभर पेन्सिलीने वाद घातलेत. तेव्हा आता प्रतिपक्षाचं गाव बघायचंच आहे.

हॉटेल नको, कारण तेव्हा श्रावण असेल. आईचे सोमवार-शनिवार, मामांना तिखटाशिवाय घास उतरत नाही आणि बाळाची पेज. स्वयंपाकघर हवंच. एक कॉटेज आवडलंय: जुनं दगडी घर, बंदराजवळ, एका कुटुंबाचं स्वतःच्या सुट्टीसाठी ठेवलेलं. ते नसतात तेव्हा भाड्याने देतात. शनिवार ते शनिवार.

आता अडचणी. फोटो अठरा, त्यातले चार शेकोटीचे, पण जिना एकाही फोटोत धड नाही. एका कोपऱ्यात भिंतीला अडकवलेला जाड दोर दिसतो. तोच कठडा असावा. निजायच्या तिन्ही खोल्या वर. न्हाणीघर खाली, आणि शॉवर टबावर. म्हणजे आईला टबाची कड ओलांडून आत पाय टाकायचा. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरमालकीणबाई मेलवर फार गोड आहेत, पण "जिना जुन्या पद्धतीचा आहे" यापुढे काही सांगत नाहीत.

शिवाय जाहिरातीत सहा जणांची मर्यादा. आम्ही पाच मोठे, एक सात वर्षांचा आणि एक दहा महिन्यांची. ही सातवी धरतात का? न बोलता नेलं तर चालतं, असं नवरा म्हणतो. मला नाही पटत.

आणि फोडणी. या घरांत धुराचे अलार्म असतात ना? कुणी स्कॉटलंडमध्ये अशा घरात मिरचीची फोडणी देऊन बघितलीय का? हसू नका, खरंच विचारतेय.

---

घाटमाथा:
नवऱ्याचं ऐकू नका. स्कॉटलंडमध्ये अशी घरं भाड्याने द्यायला आता कौन्सिलचा परवाना लागतो आणि किती माणसं राहू शकतात तेही त्यातच ठरतं. जाहिरातीत परवान्याचा नंबर आणि घराची ऊर्जा-श्रेणी द्यावी लागते, ते आधी बघा. नंबर नसेल तर पैसे पाठवू नका. तान्ह्या मुलांना मोजतात की नाही ते बाईंनाच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या, फोनवर नको. जिन्याचा फोटो सरळ मागा, वरून खाली काढलेला. द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजायचं.

ॲबर्डीनकर:
फोडणीचा प्रश्न अगदी रास्त आहे. २०२२ पासून इथे घरोघरी एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत. स्वयंपाकघरातला उष्णतेवर वाजतो, दिवाणखान्यातला आणि जिन्याजवळचा धुरावर. एक वाजला की सगळे वाजतात. तेव्हा स्वयंपाकघराला दार असलेलं घर बघा. बैठकीतच ओटा असलेलं नको. दार लावा, खिडकी उघडा, पंखा आधी चालू करा, मग मोहरी टाका. मामांना सांगा, मिरच्या तेलात काळ्या होईपर्यंत थांबायचं नाही. मसाले, डाळी, साबुदाणा येतानाच आणा किंवा ॲबर्डीनमध्ये भरून घ्या.

ऑगस्टअखेर उत्तम. इथल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, इंग्लंडच्या नाही, त्यामुळे गर्दी जरा ओसरते. समुद्राचा वारा मात्र आहेच, मामांना कानटोपी लागेल.

बाबांसाठी एक सूचना. गावात डफ हाउस नावाचा भव्य वाडा आहे. तो ग्रँट डफचा नव्हे! वास्तुविशारद विल्यम ॲडमने १७३५ च्या सुमारास लॉर्ड ब्रॅकोसाठी बांधायला घेतला. खर्चावरून दोघांचं असं बिनसलं की ब्रॅको तिथे राहायला गेलाच नाही. बाजूने जाताना गाडीचे पडदे ओढून घ्यायचा म्हणतात. आपल्या डफला आईकडून ईडनची जहागीर मिळाली, ती गावाच्या दक्षिणेला, डेव्हरनच्याच काठी. ईडन ही तिकीट काढून बघायची वास्तू नाही, रस्त्यावरूनच समाधान मानायचं. मर्कॅट क्रॉस, म्हणजे जुन्या बाजाराचा दगडी स्तंभ, मात्र चुकवू नका. त्याच्याशी जोडलेली गोष्ट अशी: जेम्स मॅकफर्सन या फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या दरोडेखोराला १७०० साली बॅन्फमध्येच फाशी दिली. माफीचं पत्र पोचायच्या आत काम उरकावं म्हणून गावचं घड्याळ पुढे सरकवलं, अशी दंतकथा आहे. बाबा यावरही वाद घालतील.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! परवान्याचा नंबर जाहिरातीच्या तळाशी सापडला. बाळाचं विचारलं: पाळणा देतील, मोजणार नाहीत, मेल आलाय. जिन्याचा फोटोही आला. तो आईला दाखवलाच नाही, कारण बघताक्षणी ती म्हणाली असती "त्यात काय, चढेन की!" ते घर रद्द. आता त्याच गावात खाली एक निजायची खोली आणि बसूनही अंघोळ करता येईल असा सपाट शॉवर असलेलं दुसरं बघतेय. बंदर दिसत नाही, पण स्वयंपाकघराला दार आहे.

एकच उरलं. लेस्टरहून गाडीने साधारण पावणेआठशे किलोमीटर पडतं. मध्ये एक मुक्काम करून सात जणांची गाडी भाड्याने न्यावी, की ट्रेनने ॲबर्डीन गाठून पुढे ३५ नंबरची बस धरावी? ज्येष्ठांना आणि बाळाला घेऊन ही बस केलेलं कुणी आहे का? सामान बरंच असेल. बाबा डफचे तिन्ही खंड घेऊन येतायत.